हिरव्या कार्डावरची सही

आमच्या दवाखान्यात शिंकायचीसुद्धा बंदी असलेली एकच खोली होती, आणि माझं नशीब असं की ती खोली माझी होती. औषधांचं स्टोअर. तीन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत खोकी, चौथ्या भिंतीला लसींचा फ्रीज, मधे एक टेबल आणि टेबलामागे मी. दवाखाना एका ट्रस्टचा, शहापूरच्या वेशीवरचा, बेताच्या खाटांचा. नाव सांगत नाही, सांगून कुणाचंच भलं व्हायचं नाही. मी मुरबाडची. सकाळच्या एसटीनं यायचं, संध्याकाळच्या एसटीनं जायचं, मधल्या वेळात गोळ्यांच्या मुदती तपासायच्या आणि खिडकीतून नावं पुकारून औषधं द्यायची, असा माझा सुखाचा संसार चालला होता. त्यात एका सकाळी मेंगाळ सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात कंपासपेटीहून थोडी मोठी एक पेटी आणि काखेत गॉजचा रोल.

"मॅडम, तुमच्या खोलीत आवाज नाय."

"मग?"

"मग आमी इथं येतो."

विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मागाहून कळलं की त्या आधीचे दोन दिवस त्या दवाखान्याच्या प्रत्येक खोलीत डोळे मिटून पाव-पाव तास बसल्या होत्या. कुठल्या खोलीत काय ऐकू येतं ते मनात नोंदवत होत्या. वॉर्डबॉयला वाटलं बाईंना चक्कर येतेय, म्हणून तो साखरपाणी घेऊन आला. सिस्टरांनी ते पिऊन टाकलं आणि पुन्हा डोळे मिटले. शेवटी पसंतीला उतरलं ते माझं स्टोअर, कारण खोक्यांनी बाहेरचा सगळा कालवा गिळून टाकला होता. दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलाचा अर्धा भाग त्यांचा झाला. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते काही खोटं नाही.

ते यंत्र कानाचं होतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या कानात एक मऊ रबरी बोंडूक बसवायचं, त्यातून बारीक टिकटिक आत जाते. कान आतून धड असला तर तो त्या टिकटिकीला आपला अगदी बारीक पडसाद परत पाठवतो. यंत्रानं तो पकडला की पडद्यावर हिरवी खूण, नाही पकडला तर लाल. बाळाला दुखत नाही, टोचत नाही. फक्त बाळ झोपलेलं हवं आणि आजूबाजूला शांतता हवी. हिरवी खूण आली की आईच्या हातात हिरवं कार्ड द्यायचं. त्यावर तारीख, आईचं नाव आणि खाली सिस्टरांची सही.

आमचं पहिलं भांडण फ्रीजवरून झालं. त्याचा कॉम्प्रेसर घरघरायचा आणि पडद्यावर लाल यायचं. सिस्टर म्हणाल्या, पाच मिनिटं बंद करा. मी म्हटलं, एक मिनिटसुद्धा नाही, आत लसी आहेत, उद्या तुमचीच बाळं त्या टोचून घेणार आहेत. दोघीही हट्टी. मग त्या फ्रीजसमोर स्टूल टाकून बसल्या आणि घड्याळ लावून त्यांनी फ्रीजचा स्वभाव ओळखला. किती वेळ घरघरतो, किती वेळ गप्प राहतो, उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती. त्यानंतर बाळ मांडीवर तयार ठेवायचं आणि फ्रीज गप्प झाला रे झाला की बोंडूक कानात घालायचं. बाहेरून आलेल्या माणसाला वाटायचं, बाई फ्रीजची पूजा करतात.

त्या मूळच्या वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकूर पाड्यातल्या. आश्रमशाळेत शिकल्या, मग नर्सिंगचा कोर्स, मग वीसेक वर्षं बाळंतपणं. अंगानं काटकुळ्या, नाक मोठं, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. हातात काचेच्या बांगड्या होत्या, पण कामाला बसल्या की त्यांवर गॉज गुंडाळायच्या, वाजू नयेत म्हणून. हाच नियम सगळ्यांना. बाळंतिणीच्या बांगड्या गुंडाळल्या जायच्या, बाळाचे वाळे गुंडाळले जायचे, नातेवाइकांचे मोबाइल दाराबाहेरच्या ट्रेमध्ये जमा व्हायचे. एकदा ट्रस्टचे एक साहेब पाहणीला आले. नवे कोरे बूट, पावलागणिक करकर. सिस्टरांनी बाळावरची नजर न काढता दाराकडे बोट दाखवलं. साहेबांनी मुकाट्यानं बूट काढले आणि मोज्यांवर उभं राहून पूर्ण चाचणी पाहिली. त्यांच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. मी तोंडात पदर कोंबून खोक्यांमागे गेले.

बाळ झोपेपर्यंत थांबणं हे त्यांचं खरं कसब. डॉक्टरांना घाई, नातेवाइकांना जीप गाठायची, मला खिडकी उघडायची. सिस्टर हलायच्या नाहीत. "घाई नाय. बाळ झोपलं का कान जागा होतो," म्हणायच्या आणि खिशातले फुटाणे एकेक करून तोंडात टाकायच्या. चावायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून नुसते चघळायच्या. पाड्यावरून आलेल्या बाळंतिणीला त्या आधी आजाराचं काही विचारायच्याच नाहीत. "पाचवी झाली का गो? सुईण कोण व्हती?" इथून सुरुवात. आमच्या खिडकीवर एक शब्द न बोलणाऱ्या बाया त्यांच्यापाशी तासभर बोलायच्या, आणि तेही कुजबुजत.

गुण सांगितले, आता खोडही सांगते. त्यांना त्या यंत्राचा भारी अभिमान. हिरवी खूण आली की स्वतःचं मूल पास झाल्यासारख्या खुलायच्या. कार्डावरची सही तर बघण्यासारखी. पूर्ण नाव, आडनावासकट, एकही अक्षर न गाळता, खाली रेघ. कुणी शंका काढली की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "माणसाचं चुकंल, मशीनचं नाय चुकत." त्यांच्या आयुष्यात इतकी वर्षं डॉक्टर सांगणार आणि त्या ऐकणार असंच चाललं होतं. हे पहिलं काम असं की ज्यात शेवटचा शब्द त्यांचा होता. मला तेव्हा त्यांच्या अभिमानाचं हसू यायचं. आता येत नाही.

जनी नावाची एक मुलगी त्यांच्याच भागातली, वैशाखऱ्याजवळच्या पाड्यावरची. मुलगी म्हणते, कारण पहिलं बाळ झालं तेव्हा ती जेमतेम विशीची होती. घरी गेल्यावर पाचवीच्या दिवशी बाळ हळदीसारखं पिवळं पडलं. सासूला वाटलं हळद लावल्याचा रंग उतरला नाही. दोन दिवस असेच गेले आणि बाळानं दूध सोडलं तेव्हा जीपमध्ये घालून आमच्याकडे आणलं. कावीळ फार चढली होती. बरेच दिवस बाळ निळ्या दिव्याखाली होतं. जगलं, बरं झालं, आणि घरी सोडायच्या दिवशी सिस्टरांनी माझ्या खोलीत त्याचे कान तपासले. दोन्ही कानांना हिरवी खूण. कार्ड मिळालं. सासू बुधी आजीनं सिस्टरांच्या पायाला हात लावला. बाळ मुलगी, तिचं नाव पुढं सोनी ठेवलं.

सोनी दहाएक महिन्यांची असताना जनी एकटीच तिला घेऊन आली. "सिस्टर, ही हाकेला बघत नाय. ताट पडलं का दचकती, पण माझ्याकडं बघत नाय." सिस्टरांनी फ्रीज गप्प व्हायची वाट पाहिली, सोनीला दूध पाजून झोपवायला लावलं आणि पुन्हा तपासलं. पुन्हा हिरवं. त्यांनी पडदा जनीकडे फिरवून दाखवला. "बघ. कान झकास हाय. तुझा भरम हाय गो. पहिलटकरणीला असं व्हतं." मी टेबलापलीकडे होते. मीही हसून मान हलवली आणि जनीला जंताच्या औषधाची बाटली दिली. ती बाटली पिशवीत टाकून निघून गेली.

पुढं दीड-पावणेदोन वर्षांनी सोनीला ताप आला म्हणून बुधी आजी आणि जनी दोघी तिला घेऊन आल्या. मी खिडकीतून नाव पुकारलं. सोनी खिडकीखालीच उभी होती, माझ्याकडे पाठ करून. तीनदा हाक मारली, वळली नाही. तेवढ्यात वॉर्डात कुणाच्या हातून बेडपॅन आदळलं आणि ती मान वळवून तिकडे बघायला लागली. मेंगाळ सिस्टर माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी हे पाहिलं.

"ही बोलते का?" त्यांनी विचारलं.

"बोलंल ना," बुधी आजी म्हणाली. "ऐकतं सगळं, पण मनात असलं का ऐकतं. लाडावलंय. हे काय, कार्ड हाय ना." तिनं पिशवीतून ते काढलं. मुरबाडच्या झेरॉक्सवाल्याकडे आधार कार्डाबरोबर लॅमिनेट करून घेतलेलं. हिरवा रंग जसाच्या तसा, आणि खाली सिस्टरांची पूर्ण सही, रेघेसकट.

मग एकेक करून कळत गेलं. जनी दोन वर्षं सांगत होती की पोरीला कळत नाही. तिनं सांगायचं आणि घरच्यांनी कार्ड दाखवायचं. नवरा कार्ड दाखवायचा, आशाताई कार्ड बघायची, अंगणवाडीच्या बाईंनी कार्ड बघून सोनीला हट्टी ठरवलं होतं. सगळ्या पाड्यात जनीला भूतबाधा झालीय असं म्हणून झालं होतं. यातलं जनी स्वतः काहीच सांगत नव्हती, सासूच्या बोलण्यातून ते बाहेर पडत होतं. जनी जमिनीकडे बघत उभी होती.

सिस्टरांनी सोनीला आत घेतलं. तापाच्या औषधानं गुंगी आली होती, ती लगेच झोपली. यंत्र लावलं. हिरवं आलं. सिस्टर कितीतरी वेळ त्या हिरव्या खुणेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपल्याला हे काम शिकवणाऱ्या कल्याणच्या कानतज्ज्ञ बाईंना फोन लावला. माझ्यासमोर. त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. सिस्टर फक्त म्हणाल्या, "व्हय, कावीळ झाली व्हती. खूप." आणि थोड्या वेळानं, "नस." फोन ठेवून त्यांनी खणातली आपली जुनी वही काढली, प्रशिक्षणाची. पानं उलटली आणि एका पानावर थांबल्या. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: कावीळ जास्त, वजन कमी, काचेच्या पेटीत ठेवलेलं बाळ, हिरवं आलं तरी नसेच्या तपासणीला ठाण्याला पाठवणे. खाली दोन रेघा मारलेल्या.

म्हणजे त्यांना माहीत होतं. हे मी त्यांना दोष द्यायला लिहीत नाही. सुरुवातीला त्या पाठवायच्या. पण सव्वा महिना होईस्तोवर बाळंतीण घराबाहेर पडत नाही, आणि सव्वा महिना झाला की कुणाची भातकापणी तर कुणाची दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची तयारी. ठाण्याला कुणीच जात नव्हतं. "कान चांगला हाय म्हणता, मग ठाण्याला कशाला?" या प्रश्नाला सिस्टरांकडे पटण्यासारखं उत्तर नव्हतं. हळूहळू त्यांनी सांगणं सोडलं. हिरवं आलं की कार्ड, सही आणि घरी जा. वर्षभरात ते पान त्या विसरूनही गेल्या होत्या.

पुढच्या रविवारी त्या मला घेऊन जनीच्या पाड्यावर गेल्या. "मी कशाला?" असं मी विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, तुमीबी हसलाव व्हता. म्हणून मी विचारलं नाही. जीप रस्त्यावर सोडून चढण चढलो. सिस्टरांनी घरात जायला नकार दिला. अंगणात बसल्या आणि बुधी आजीला म्हणाल्या, शेजारच्यांना बोलवा. त्या भागात कुणाचं कुणाशी वाकडं आलं तर ते घरात मिटवत नाहीत, अंगणात चार माणसांपुढं बोलतात. सिस्टर त्याच रीतीनं आल्या होत्या. दहा-बारा माणसं जमली. जनी दाराच्या चौकटीत उभी होती, सोनी तिच्या पायाशी.

"हे कार्ड मी दिलं," सिस्टर म्हणाल्या. दवाखान्यातलं त्यांचं कुजबुजणं गेलं होतं, पार खालच्या घरापर्यंत ऐकू जाईल असा आवाज होता. "पोरीची परीक्षा मीच घेतली, पण अर्धी घेतली. कान बघितला, कानाची नस बघितली नाय. जनी सांगत व्हती ते खरं व्हतं. मी तिला भरम हाय म्हणाले. चूक तिची नाय, माझी हाय."

"म्हंजे हे कार्ड खोटं?" बुधी आजीनं विचारलं.

"कार्ड खोटं नाय. मशीन खोटं नाय बोलत, आये. पण त्याला इचारलं तेवढंच सांगतं. मी पुरतं इचारलं नाय."

एक म्हातारा म्हणाला, "पण पोर तर ऐकतंय. काल कुत्रं भुंकलं तर पळत आली."

सिस्टरांनी समोरच्या डोंगराकडे हात केला. "पलीकडच्या पाड्यात लग्नाचा स्पीकर लागला का आपल्याला इथं कळतं ना? वाजतंय एवढं कळतं. पण गाणं कंचं, बाई काय बोलतीय, ते कळतं का? तसं होत असंल तिला. आवाज येतो, बोल येत नाय. कानातून बोल बरोबर निघतो, वाटंत नसेत इस्कटतो."

मग जनी बोलली. तिचा आवाज मी इतका वेळ कधी ऐकलाच नव्हता. "मी मारलं हिला, सिस्टर. हाक मारली का बघत नाय म्हणून मारलं. सगळी म्हणली ऐकतं, तुमी पण म्हणलाव, मग मलाबी वाटलं सोंग करतं. लई येळा मारलं."

सिस्टरांनी मान खाली घातली. मला तर तिथून उठून जावंसं वाटत होतं. जंताच्या औषधाची ती बाटली माझ्या डोळ्यांसमोर आली आणि स्वतःची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. शेवटी बुधी आजीच उठली. "पुरतं इचारलं नाय ना? मग आता पुरतं इचारा. कवा जायचं ठाण्याला ते सांगा," असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली. कार्ड तिनं परत दिलं नाही आणि सिस्टरांनीही मागितलं नाही.

ठाण्याला सोनीला झोपेचं औषध देऊन कपाळावर आणि कानामागं वायरी चिकटवल्या. कानात आवाज सोडला की नसेतून मेंदूकडे काय पोचतं ते कागदावर उमटतं. सोनीच्या कागदावर अगदी सुरुवातीला कानाची खूण दिसली, पुढं रेघ सपाट. तिथल्या बाई म्हणाल्या, कान ठीक आहे, बिघाड नसेत आहे, तान्हेपणीच्या काविळीनं असं होतं. पुढची कहाणी लांब आहे. कागदपत्रं झाली, मंजुऱ्या झाल्या, सोनीच्या कानात शस्त्रक्रियेनं यंत्र बसलं, मग दर आठवड्याला बोलायच्या शिकवणीला जाणं. जनी दोन जीपा आणि एक गाडी बदलून जायची. सिस्टर जमेल तेव्हा बरोबर असायच्या. आज सोनी बोलते. उशिरा आली वाणी, शब्द थोडे बोबडे, आणि गोंगाटात तिला अजूनही नीट कळत नाही. लवकर कळलं असतं तर आणखी किती झालं असतं, हे तिथल्या बाईंनी सांगितलं नाही. सिस्टरांनी विचारलं होतं.

त्यानंतर मेंगाळ सिस्टर बदलल्या असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. हट्ट तोच होता, फक्त त्याची दिशा फिरली. ट्रस्टच्या त्या मोजेवाल्या साहेबांच्या मागे लागून त्यांनी नसेच्या तपासणीचं यंत्र आणवलं. साहेब म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आता दुधानं तोंड पोळल्यासारखं ताकही फुंकून पिता." सिस्टर म्हणाल्या, "तोंड माझं नाय पोळलं, साहेब. त्या पोरीचं पोळलं." यंत्र महिन्याभरात आलं. ते यंत्र फार वेळ घ्यायचं, त्यामुळे माझ्या स्टोअरचा उरलेला अर्धा भागही गेला. मी कुरकुर केली नाही, किंवा केली असेल तर थोडीच केली.

हे नवं यंत्र यायच्या आधीच्या बाळांचं काय, हा प्रश्न मात्र त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी जुनी रजिस्टरं काढली आणि कावीळ झालेली, काचेच्या पेटीत राहिलेली आणि तरीही हिरवं कार्ड घेऊन गेलेली सगळी बाळं वहीत उतरवली. दोन पानं भरली. अडचण अशी की रजिस्टरात बाळाला नाव नसतं. 'बेबी ऑफ जनी' असं आईच्या नावानं लिहितात, नाव पुढं घरी ठेवतात. म्हणजे शोधायचं कसं, तर आईच्या नावानं. सिस्टर रविवारी निघायच्या. किन्हवलीकडचे पाडे, मुरबाडच्या घाटाखालच्या वाड्या. दिवाळीनंतर घरं बंद असली की मुकादमाचा पत्ता काढून भट्टीवर जायच्या. तिथं विटांच्या थप्पीमागं झोळीतल्या बाळापाशी बसून आईला विचारायच्या, "तुला काय वाटतं गो? हाकेला बघतंय?" ती आई जे सांगेल ते पहिल्यांदा वहीत, यंत्र मागून. आई म्हणाली बघत नाही तर हिरवं-लाल काहीही असो, त्या बाळाला नसेच्या तपासणीला न्यायच्याच. भट्टीवरचा एक सात महिन्यांचा मुलगा अशानं सापडला. त्याचंही कार्ड हिरवंच होतं. त्या रात्री त्यांनी मला फोन केला. म्हणाल्या, "ह्याला येळ हाय, मॅडम. सात महिनेच झालेत."

वहीतली नावं एकेक करून खोडली गेली. बहुतेक मुलं धडधाकट ऐकणारी निघाली. सिस्टर त्यांच्या घरी चहा पिऊन परत यायच्या आणि मला सांगायच्या, आज नुसताच चहा. शेवटी एकच नाव उरलं, किन्हवलीकडच्या एका कातकरी वाडीतलं. तारा नावाची आई, बाळाला रजिस्टरात नाव नाही. तीन वेळा गेल्या, तीनही वेळा घर बंद. कुणी म्हणालं भिवंडीकडे गेलेत, कुणी म्हणालं गुजरातेत. त्यातच सिस्टर रिटायर झाल्या. शाल-श्रीफळ झालं, साहेबांनी भाषण केलं, माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी नेमकी रडले. मला वाटलं, चला, संपलं.

यंदाच्या वैशाखात सकाळी मुरबाडच्या स्टँडवर मी शहापूरच्या गाडीची वाट बघत होते. किन्हवलीच्या गाडीपाशी गर्दी होती. त्यात एक काटकुळी बाई, चष्म्याची दोरी गळ्यात, हातात कापडी पिशवी. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, पण चालणं तेच. मी हाक मारली तशा वळल्या.

"कुठं निघालात सिस्टर, सकाळी सकाळी?"

"वाडीतली माणसं भट्टीवरनं परत आली म्हणतात. तारा पण आली असंल."

"अहो, ते पोर आता शाळेत जाण्याइतकं मोठं झालं असेल. ऐकत असेल, बोलत असेल. बाकीची बहुतेक सगळी ऐकतच होती ना? कशाला या उन्हात एवढी धडपड?"

"असंल," त्या म्हणाल्या. "असंल तर बरंच झालं. चहा पिऊन येईन." कंडक्टरनं घंटी मारली. त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "आणि नसंल ऐकत, तर मॅडम, तारा गेली पाच-सा वरसं कोणाला तरी सांगत असंल ना."

गाडीत बसायला जागा नव्हती. त्या दांडीला धरून दाराशीच उभ्या राहिल्या आणि गाडी किन्हवलीच्या रस्त्याला लागली.